कठोर सरावाचे सुवर्ण : हिरोबुमी दाइमात्सु
जपानचे व्हॉलीबॉल प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांचा जन्म १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धातील इम्फाळच्या मोहिमेतून ते जिवंत परतले. पुढे ओसाकाजवळील काइझुका येथे निचिबो या कापड कंपनीच्या महिला संघाची धुरा त्यांनी वाहिली. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलींकडून ते रात्री उशिरापर्यंत सराव करवून घेत. झेपावून चेंडू उचलावा आणि कोलांटी घेत तत्काळ उभे राहावे, हे तंत्र त्यांनीच रुजविले. त्यांच्या कठोरपणावर टीकाही झाली. १९६२ च्या विश्वविजेतेपदानंतर खेळाडूंना निवृत्त व्हायचे होते. लोकाग्रहापुढे तो विचार मागे पडला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला नमवून सुवर्णपदक मिळाले. १९७८ मध्ये दाइमात्सु निवर्तले. त्यांचे नाव निघताच सुवर्णाबरोबर त्या सरावाचीही चर्चा होते.