नाणी तोलणारे कोसंबी

माझ्या प्रवेशाच्या वेळी आजीने गाठोड्यातले तीन राणीछाप रुपये दारव्ह्याला सोनाराकडे नेले. तिन्ही सारखेच दिसत, पण तराजूत एकाचे वजन दुसऱ्याशी जुळेना. सोनार फसवतो आहे असे आजीला वाटले, मलाही वाटले. यंदा ग्रंथालयात दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याविषयी वाचताना तो तराजू आठवला.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे प्रकांड पंडित. मुलगा १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला व पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागला. संख्याशास्त्र शिकायचे तर एखादा खरा प्रश्न हवा, म्हणून त्यांनी जुनी नाणी हाती घेतली. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांवर राजाचे नावही नसते. पंडित चिन्हांवरून वाद घालीत होते; हे मात्र तराजू घेऊन बसले!

त्यांची युक्ती समजावी म्हणून खोलीतल्या मित्राने व मी एक खेळ मांडला. समजा, सर्व नाणी टांकसाळीतून सारख्याच वजनाची निघाली. दरवर्षी प्रत्येक नाण्यासाठी एक रुपया उडवायचा. छापा पडला तर नाणे एक कण झिजले, काटा पडला तर नाही. दहा वर्षांत सरासरी झीज ५ कण, शंभर वर्षांत ५०. पण सगळी नाणी नेमकी पन्नासावर येत नाहीत. बहुतेक ४० ते ६० मध्ये विखुरतात. एका नाण्याचे नशीब सांगता येत नाही, ढिगाचे सांगता येते. आम्ही वीस नाण्यांची दहा वर्षे उडवून पाहिली. बोटे दुखली, पण सरासरी पाचाच्या आसपासच आली.

कोसंबींना तेच आढळले. वापरात असताना नाण्यांच्या मागच्या बाजूवर लहान खुणा ठोकल्या जात. खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी. त्यावरून नाण्यांचा आधी-नंतरचा क्रम लावता आला. मला विशेष वाटले ते हे की, ही झीज राजांनी केलेली नव्हती. बाजारातल्या हातांनी केलेली होती. १९५६ साली आलेल्या त्यांच्या भारतीय इतिहासावरील ग्रंथातही राजांपेक्षा उत्पादनाच्या साधनांना अधिक जागा आहे. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

दिवाळीच्या सुट्टीत हे सारे मी आजीला समजावून सांगितले. सोनारावरचा तिचा राग काही गेला नाही. झिजलेली चांदी मग गेली कुठे, एवढेच तिने विचारले.