ॲक्सोलॉटलला बैलाची थायरॉइड खाऊ घालणारे ज्युलियन हक्सली, आणि तुमच्या टाकीतल्या ‘हसऱ्या’ पाहुण्याचा आहार

गुलाबी रंग, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. रील्समधून आणि २०२१ पासून माइनक्राफ्टमधून ॲक्सोलॉटल घराघरांत पोहोचला. आता पोरं तो पाळायचा हट्ट धरतात. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत कपाटावर माशांची टाकी बसवणं काही अवघड नाही. अवघड आहे ते टाकीत या प्राण्याला जगवणं. त्याच्या पोटात काय जातं यावर किती काय अवलंबून असतं, हे जगाला समजलं ते ज्युलियन हक्सली यांच्यामुळे. गंमत म्हणजे हक्सलींचा हा प्रयोग गाजला १९२० मध्ये, आणि मुंबईत या चाळी बांधणारं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटही त्याच वर्षी सुरू झालं.

हक्सली २२ जून १८८७ ला लंडनमध्ये जन्मले. आजोबा थॉमस हेन्री हक्सली म्हणजे डार्विनच्या बाजूने भर सभेत भांडणारे शास्त्रज्ञ. धाकटा भाऊ ऑल्डस पुढे मोठा कादंबरीकार झाला. सावत्र भाऊ अँड्र्यू यांना नोबेल मिळालं. अशा घरात हुशार असणं ही सक्तीच होती म्हणा ना! ज्युलियननी ऑक्सफर्डमध्ये प्राणिशास्त्र शिकून पाणपक्ष्यांच्या प्रणयनृत्याचा अभ्यास केला. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निबंध आजही महत्त्वाचा मानतात. त्याच वर्षी त्यांचा भाऊ ट्रेव्हेनन याने आत्महत्या केली. ज्युलियनना स्वतःलाही नैराश्याने गाठलं होतं, आणि पुढे आयुष्यभर ते अधूनमधून परतत राहिलं.

महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ते ऑक्सफर्डला परतले आणि ॲक्सोलॉटलकडे वळले.

मेक्सिकोच्या सोचिमिल्को भागातल्या गोड्या पाण्यातला हा उभयचर मोठाच होत नाही. बेडकाचं पिल्लू शेपूट टाकून जमिनीवर येतं, पण हा कल्ल्यांसकट पाण्यातच राहतो आणि त्याच अवस्थेत अंडी घालतो. कारण आहे थायरॉइड. ही ग्रंथी त्याच्या शरीरात असते, पण तिला कामाला लावणारा मेंदूकडचा संदेश फार क्षीण असतो.

हक्सलींनी दोन ॲक्सोलॉटलना बैलाची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. काही आठवड्यांत त्यांचे कल्ले आटले, शेपटीवरचा पडदा गेला, कातडी बदलली आणि ते हवेत श्वास घेत पाण्याबाहेर आले. इंजेक्शन नाही, शस्त्रक्रिया नाही. फक्त जेवण बदललं होतं!

जानेवारी १९२० मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात छोटं टिपण आलं आणि ब्रिटिश वृत्तपत्रांनी ते उचललं. बातमी थेट तारुण्याच्या अमृतापर्यंत गेली. तेव्हाही व्हायरल व्हायला काही फार लागत नव्हतं. खरं तर १९१२ मध्ये गुडरनाच यांनी बेडकाच्या पिल्लांवर आणि १९१३ मध्ये चेक शास्त्रज्ञ लाउफबर्गर यांनी ॲक्सोलॉटलवरच असे प्रयोग केले होते. पण प्रसिद्धी हक्सलींना मिळाली.

या गाजावाजात ॲक्सोलॉटलचं काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. असं रूपांतर त्याच्या शरीरावर प्रचंड ताण आणतं. काही त्यातच मरतात, आणि वाचलेले सहसा कमी जगतात. एरवी नीट सांभाळलेला ॲक्सोलॉटल दहा ते पंधरा वर्षं जगतो. म्हणून त्याला ‘मोठा’ करायला पाण्यात आयोडीन घालण्याचे सल्ले दिसले, तर पुढे स्क्रोल करा.

मग खायला काय द्यायचं? गांडूळ, आणि तेही खत-कीटकनाशक नसलेल्या मातीतलं. ब्लडवर्म पिल्लांना ठीक, पण मोठ्याचं त्यावर भागत नाही. बुडणारे मांसाहारी पेलेट चालतात. टाकीत छोटे मासे सोडू नका, ते रोग आणतात आणि त्याचे कल्ले कुरतडतात. हा प्राणी चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. त्यामुळे तळाशी शोभेचे खडे असतील तर तेही पोटात जातात आणि आतडं तुंबतं. मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एकदा खायला दिलं की पुरतं. उरलेलं लगेच काढा, नाहीतर ते कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच ते टाकीत घाला.

आणि मुंबईचा उकाडा? त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी हवं. २४ च्या वर गेलं की तो खाणं सोडतो, अंगावर बुरशी धरते. मे महिन्यात चिलरशिवाय आपल्याकडे हे जमणार नाही. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळालं तरी उकाडा तोच आणि चिलरचं वीजबिल वेगळं.

हक्सली मात्र पुढे गेले. प्राध्यापकी सोडून एच. जी. वेल्स यांच्यासोबत सामान्य वाचकांसाठी जीवशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला. १९३५ पासून लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचा कारभार पाहिला. युद्धात बॉम्ब पडून झेब्रा पळाला, तेव्हा त्याच्यामागे रस्त्यावर धावणाऱ्यांत हे साहेबही होते. १९४६ मध्ये ते युनेस्कोचे पहिले महासंचालक झाले. १९५३ मध्ये त्यांना विज्ञानप्रसारासाठी कलिंग पुरस्कार मिळाला, ज्याचा निधी ओडिशाच्या बिजू पटनायक यांनी दिला होता. १९६१ मध्ये जागतिक वन्यजीव निधीच्या स्थापनेतही ते होते.

एक बाजू काळीही आहे. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेवर टीका करणारे हक्सली १९५९ ते १९६२ ब्रिटनच्या युजेनिक्स सोसायटीचे अध्यक्ष होते, म्हणजे कोणी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी नाही हे ठरवू पाहणाऱ्या चळवळीचे. नाझींनी काय केलं ते जगाने पाहिल्यानंतरची ही गोष्ट. ती माफ करण्यासारखी नाही.

१४ फेब्रुवारी १९७५ ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी १ जुलैला वन्यजीवांच्या व्यापारावरचा साइट्स करार अमलात आला आणि ॲक्सोलॉटल त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. भारतात वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी पाळणाऱ्याला ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदार कागदपत्रांविनाच पिशवीत घालून देत असेल, तर तिथून रिकाम्या हाताने परत या.