वाटा मोजणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी



एक गंमत करून बघा. तुमच्या ओळखीत कृषी शाखेत, पीक सुधारणेचा अभ्यास करणारं कोणी असेल, तर त्याला कोसंबी हे नाव विचारा. जनुकांचा नकाशा काढताना हे सूत्र वापरतात, असं उत्तर मिळेल. मग इतिहास घेऊन बी.ए. केलेल्या कोणाला तेच नाव विचारा. प्राचीन भारताच्या इतिहासाकडे नव्या नजरेने बघायला शिकवणारा इतिहासकार, असं उत्तर येईल. दोघंही बरोबर. पण हे दोन कोसंबी म्हणजे एकच माणूस, हे दोघांपैकी एकालाही बहुधा ठाऊक नसेल! आणि त्या माणसाचं रोजचं काम होतं गणित शिकवण्याचं आणि गणितातल्या संशोधनाचं.

पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. मुलाला गणितही आवडतं, जीवशास्त्रही आवडतं, इतिहासाची पुस्तकंही वाचत बसतो. यातलं काय सोडायला सांगू? आजच्या पाठात आपण ज्यांचं चरित्र बघणार आहोत, त्यांनी काहीच सोडलं नाही. त्याचा फायदा काय झाला आणि त्याची किंमत काय मोजावी लागली, दोन्ही बघूया.

बालपण आणि शिक्षण

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एका पाली ग्रंथाच्या संपादनाच्या कामासाठी ते जात असत. १९१८ साली त्यांनी दामोदरलाही सोबत नेलं. म्हणजे वय वर्षं अकरा, आणि पुण्यातून थेट अमेरिकेतली शाळा! पुढे हार्वर्डमधूनच १९२९ साली ते उत्तम गुणांनी पदवीधर झाले. गणित तर होतंच, पण युरोपातल्या अनेक भाषाही त्यांनी तिथे आत्मसात केल्या.

भारतात परतल्यावर आधी बनारस, मग अलीगढ आणि त्यानंतर पुण्याचं फर्ग्युसन महाविद्यालय अशा ठिकाणी त्यांनी गणित शिकवलं. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं.

पहिली वाट : भूमितीची

त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचा विषय होता वाटांची भूमिती. म्हणजे काय? आपण शाळेत आधी अंतर मोजायला शिकवतो आणि मग दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट शोधायला सांगतो. कोसंबींनी प्रश्न उलटा केला. समजा अंतर मोजायची पट्टीच नाही, फक्त वाटा कशा जातात ते सांगणारी समीकरणं हातात आहेत. तर त्या वाटांवरून त्या जागेबद्दल काय काय कळेल? शेजारून निघालेल्या दोन वाटा पुढे जवळजवळ राहतील की फाकत जातील?

१९३३ साली हे काम जर्मनीतल्या नामांकित नियतकालिकात छापून आलं. फ्रान्सचे थोर गणिती एली कार्तान यांनी त्यावर लगेच लिहिलं आणि पुढे चीनच्या चर्न यांनी त्यात भर घातली. म्हणून आज हा सिद्धांत कोसंबी-कार्तान-चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो. पेशींच्या विभाजनाची समीकरणं तपासतानाही तो वापरला गेला आहे. थोडा धक्का बसला तर अशी यंत्रणा पुन्हा मार्गावर येते की भरकटते, हे त्यातून कळतं. ज्या काळी हे लिहिलं, तेव्हा असा उपयोग कोणाच्या मनातही नव्हता.

दुसरी वाट : जनुकांची

आता येऊया कृषी शाखेतल्या विद्यार्थ्याने सांगितलेल्या सूत्राकडे. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण वर्गात सांगण्यासारखा आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. लाल मण्यांची एक माळ आणि पांढऱ्या मण्यांची एक माळ डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक मणी म्हणजे एक जनुक. पुढच्या पिढीसाठी बीजपेशी तयार होताना या माळा शेजारी येतात, काही जागी तुटतात आणि एकमेकींच्या तुकड्यांशी जोडल्या जातात. दोन मणी अगदी शेजारी असतील, तर त्यांच्या मधोमध तुटण्याची शक्यता कमी. लांब असतील, तर जास्त. म्हणजे मणी किती वेळा वेगळे झाले ते मोजलं की त्यांच्यातल्या अंतराचा अंदाज येतो. १९१३ साली स्टर्टेव्हंट यांनी याच युक्तीने जनुकांचा पहिला नकाशा काढला.

पण यात एक गोची आहे. दोन मण्यांच्या मध्ये माळ दोनदा तुटली तर? एक पोरगं सकाळी दुकानात गेलं आणि परत आलं. संध्याकाळी घरात बघितलं तर पोरगं घरातच! आपल्याला वाटणार, ते बाहेर पडलंच नाही. तसंच इथे होतं. दोन तुटी झाल्या की टोकाचे मणी पुन्हा एकाच रंगाचे दिसतात आणि आपली मोजणी कमी भरते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९१९ साली यावर सूत्र दिलं होतं. पण त्यात असं धरलं होतं की एका तुटीचा दुसरीवर काहीच परिणाम होत नाही. प्रत्यक्ष प्रयोगांत मात्र दिसत होतं की एके ठिकाणी माळ तुटली की तिच्या अगदी जवळ दुसरी तूट सहसा होत नाही. जसजसं लांब जावं, तसतसा हा अटकाव कमी होतो. कोसंबींनी नेमकी ही गोष्ट गणितात बसवली. १९४४ साली हा लेख आला. जेमतेम ४ पानांचा!

फरक किती पडतो? दोन जनुकं १०० पैकी ३० वेळा वेगळी झालेली दिसली, असं समजा. हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर येतं सुमारे ४५.८ सेंटिमॉर्गन. कोसंबींच्या सूत्राने येतं सुमारे ३४.७. आणि १०० पैकी १० वेळाच वेगळी झाली, तर कोसंबींचं उत्तर सुमारे १०.१, म्हणजे साध्या मोजणीच्या जवळपासच. अंतर कमी असताना दुरुस्ती जवळजवळ नाही, अंतर वाढलं की दुरुस्ती वाढते. भात आणि गहू यांसारख्या पिकांचे जनुक-नकाशे काढणाऱ्या संगणक प्रणालींत आजही कोसंबी हा पर्याय असतो.

तिसरी वाट : नाण्यांपासून लेण्यांपर्यंत

संख्याशास्त्र शिकताना सरावासाठी काहीतरी खरं मोजायला हवं, म्हणून त्यांनी जुनी नाणी हातात घेतली. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत नाणी त्यांनी अचूक तराजूवर एकेक करून तोलली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. जास्त फिरलं की जास्त झिजतं आणि एकाच तऱ्हेच्या नाण्यांच्या वजनांतला फरकही वाढत जातो. यावरून कुठली नाणी आधीची, कुठली नंतरची, हे मांडता येतं. पद्धत बरोबर आहे का, हे तपासायला त्यांनी त्यांच्या काळातली चलनातली नाणीही तोलली. सगळी मिळून हजारो!

मग पुढचा प्रश्न आला. ही नाणी पाडली कोणी? त्यासाठी जुने ग्रंथ वाचायला हवेत. त्यासाठी संस्कृत पक्कं हवं. म्हणून ते भर्तृहरीकडे वळले आणि शेकडो हस्तलिखितं ताडून १९४८ साली त्याच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीच तयार केली! पण नुसते ग्रंथ पुरत नाहीत, हेही त्यांच्या लक्षात आलं. ते पुण्याच्या आसपास टेकड्यांवर, माळांवर पायी हिंडले. दगडाची बारीक हत्यारं गोळा केली. मेंढपाळांच्या वाटा, ग्रामदेवतांची ठाणी, कार्ल्यासारखी लेणी आणि जुने व्यापारी मार्ग यांचा एकमेकांशी संबंध लावला. लेणी कुठेतरी एकांतात कोरलेली नाहीत, ती वाटांच्या जाळ्यावर आहेत, हे त्यांनी दाखवलं. बघा, गणितात वाटा, जनुकांत अंतरं आणि इतिहासातही पुन्हा वाटाच! १९५६ साली आलेल्या त्यांच्या इतिहासग्रंथाने पुढच्या अभ्यासकांची दिशाच बदलली.

किंमत

आता दुसरी बाजू. ती लपवून चरित्र शिकवू नये, असं मला वाटतं.

१९४३ साली त्यांनी एका भारतीय गणिती नियतकालिकात एक पद्धत मांडली. सतत बदलणाऱ्या गुंतागुंतीच्या नोंदींतून मोजके मुख्य घटक वेगळे काढायची ती पद्धत. आज ईसीजीच्या आलेखावरच्या कामापासून चित्रांची माहिती कमी जागेत बसवण्यापर्यंत ती वापरली जाते. पण तिला नाव पडलं ते पुढच्या काही वर्षांत स्वतंत्रपणे तेच शोधणाऱ्या कारहुनेन आणि लोएव यांचं.

स्वतंत्र भारतात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुणे-मुंबई ये-जा दख्खनच्या राणीने. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेकडे लक्ष द्या, असं ते उघडपणे मांडत. मतं मार्क्सवादी, स्वभाव रोखठोक, त्यामुळे मतभेद होतच. त्यात १९५९ साली त्यांनी गणितातलं एक जगप्रसिद्ध कोडं, रीमान यांचं अनुमान, संभाव्यतेच्या मार्गाने सुटल्याचा दावा शेती-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. तो टिकला नाही. गणितींमधली त्यांची पत गेली. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या ५८व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

मग काय, विषय सोडले नाहीत म्हणून हे झालं का? मला तसं वाटत नाही. नीट बघा. जनुकांच्या कामात त्यांनी जीवशास्त्राच्या प्रयोगांतून दिसलेली गोष्ट आधी मान्य केली आणि मग सूत्र बांधलं. नाण्यांच्या कामात आधी आपलीच पद्धत तपासली. संस्कृतात हस्तलिखितं ताडण्याची शिस्त पाळली. म्हणजे जिथे पाहुणे म्हणून गेले, तिथले नियम शिकून घेतले. तिथे ते जिंकले. आणि चूक झाली ती स्वतःच्या घरात, गणितात! शक्यता कितीही जास्त असली तरी ती सिद्धता होत नाही, हा गणिताचा घरचा नियम तिथे निसटला.

म्हणून पालकसभेतल्या त्या प्रश्नाला माझं उत्तर असं. मुलाला एकही विषय सोडायला सांगू नका. मात्र एक सवय लावा. दुसऱ्या विषयाच्या अंगणात शिरताना तिथे खरं कशाला म्हणतात, पुरावा कशाला मानतात, हे आधी विचारायचं. आणि आपल्या अंगणातही ते विसरायचं नाही.

वर्गात करून बघा

लाल आणि पांढरे प्रत्येकी १० मणी घेऊन शेजारी दोन ओळी मांडा. १ ते ९ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. ३ आली तर तिसऱ्या आणि चौथ्या मण्याच्या मध्ये तूट, अशी खूण. कधी एक, कधी दोन चिठ्ठ्या उचला आणि प्रत्येक तुटीनंतरचे मणी दोन्ही ओळींत अदलाबदल करा. आता एका ओळीतला दुसरा आणि आठवा मणी वेगळ्या रंगांचे झाले का, ते लिहा. वीस वेळा करा. तूट झाली असूनही रंग सारखेच राहिले, असं कधी होतं, हे मुलांनाच शोधू द्या. कोणीतरी पोर ओरडेलच, की दोनदा तुटलं म्हणून फसलो! तेवढं झालं की समजा, कोसंबींच्या त्या चार पानांतला प्रश्न मुलांना कळला.