समुद्रकाठचे घर

आपण दररोज खुर्चीवर बसतो, मेजावर पुस्तक ठेवतो. परंतु ही खुर्ची अशीच का घडविली, ती बसणाऱ्याच्या पाठीला सुख देते की नाही, हा विचार क्वचितच आपल्या मनात येतो. ज्यांनी हा विचार आयुष्यभर केला आणि विसाव्या शतकातील गृहसजावटीला नवे वळण लावले, त्यांमध्ये आयलीन ग्रे या आयरिश स्त्रीचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते.

आयलीन यांचा जन्म ९ ऑगस्ट १८७८ रोजी आयर्लंडमधील वेक्सफर्ड परगण्यात, एन्निसकॉर्थी या गावानजीक झाला. घराणे सधन होते. वडील चित्रकार असल्यामुळे रंग व कुंचला यांची ओळख त्यांना बालपणीच झाली. त्या काळी श्रीमंत घरच्या मुलीने थोडे गायन, थोडे चित्रकाम शिकावे आणि विवाह करून संसारास लागावे, अशी रीत होती. आयलीन यांना ती रुचली नाही. लंडनच्या स्लेड कलाशाळेत काही काळ शिकून १९०२ साली त्या पॅरिसला गेल्या आणि पुढे तेच त्यांचे घर झाले.

लंडनमध्ये असताना एका कारखान्यात त्यांनी पौर्वात्य घडीच्या पडद्यांची दुरुस्ती चाललेली पाहिली. पडद्यांवरील तळ्याच्या पाण्यासारखे नितळ, गहिरे रोगण पाहून त्यांचे मन मोहून गेले. पॅरिसमध्ये सेइझो सुगावारा हे जपानी कारागीर त्यांना गुरू म्हणून लाभले. हे रोगण एका वृक्षाच्या चिकापासून करतात. त्याचा पातळ थर द्यायचा, दमट खोलीत तो कित्येक दिवस वाळू द्यायचा, मग घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावर पुन्हा नवा थर चढवायचा. असे वीस-वीस थर द्यावे लागत. त्या चिकाने हातांना फोड येत, त्वचा सोलवटून निघे. तरीही आयलीन यांनी हे काम सोडले नाही. १९१३ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचे काम मांडले गेले, तेव्हा झाक दूसे या विख्यात संग्राहकाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले. दूसे यांनी त्यांचा एक भव्य पडदा विकत घेतला.

पहिल्या महायुद्धात आयलीन यांनी जखमी सैनिकांना नेणारी गाडी चालविली. युद्धानंतर, १९२२ साली, त्यांनी पॅरिसमध्ये स्वतःचे दुकान काढले. दुकानावर मात्र ज्याँ डेझेर हे एका काल्पनिक पुरुषाचे नाव होते.

हळूहळू त्यांची दृष्टी पालटू लागली. मौल्यवान रोगणाऐवजी पोलादी नळ्या, काच व चामडे ही साधी सामग्री त्यांना जवळची वाटू लागली. वास्तुविद्येचे रीतसर शिक्षण नसतानाही, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रॉकब्रून येथे एक घर बांधावयास घेतले. १९२६ ते १९२९ या काळात ते पुरे झाले. ज्याँ बादोविची या वास्तुविशारद मित्राचे त्यांना साहाय्य होते. दोघांच्या आद्याक्षरांवरून घराला ई-१०२७ हे सांकेतिक नाव मिळाले. सूर्य कोठून येतो, वारा कसा वाहतो, हे पाहून त्यांनी प्रत्येक खिडकी योजिली. तेथील काचेचे गोल मेज विशेष प्रसिद्ध आहे. त्याची उंची कमी-जास्त करता येते आणि पाया पलंगाखाली सरकवून अंथरुणात बसल्या बसल्या न्याहारी करता येते. त्यांच्या कीर्तीने समुद्रही ओलांडला. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्या माणिकबाग राजवाड्यात आयलीन यांच्या कल्पनेतून घडलेली आरामखुर्ची आली.

परंतु या घरानेच त्यांना मोठे दुःख दिले. बादोविचींपासून विभक्त होऊन आयलीन तेथून निघून गेल्या. पुढे १९३८-३९ मध्ये ल कॉर्बुझिए या थोर वास्तुविशारदाने त्या घराच्या शुभ्र भिंतींवर मोठमोठी चित्रे रंगविली. आपल्या भारतातील चंदीगढ नगरीची रचना पुढे त्यांनीच केली. या घराची त्यांनी स्तुतीही केली होती. पण भिंती रंगविण्यापूर्वी जिने ते घर घडविले, तिची अनुमती त्यांनी घेतली नाही. आयलीन यांना हा घाव फार लागला. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे दुसरे घर लुटले गेले. कितीतरी रेखाटने नष्ट झाली. कालांतराने लोक समुद्रकाठच्या घराचे श्रेय इतरांना देऊ लागले. आयलीन यांचे नाव जवळजवळ पुसले गेले.

त्यांनी मात्र हात थांबविले नाहीत. दृष्टी मंदावली, तरी नव्या रचना चालूच राहिल्या. १९७२ साली दूसे यांच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा त्यांच्या जुन्या पडद्याला मोठी किंमत आली आणि ही कलावती अद्याप हयात आहे, हे जगाला कळून आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या खुर्च्या व मेजे पुन्हा तयार होऊ लागली. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. २००९ साली त्यांची एक खुर्ची दोन कोटींहून अधिक युरोंना विकली गेली. समुद्रकाठच्या घराचाही जीर्णोद्धार होऊन ते लोकांना पाहण्यासाठी खुले झाले.

ते काचेचे मेज आज जगभर घराघरांत दिसते. त्यावर चहाचा पेला ठेवणाऱ्या कितीकांना तिचे नाव ठाऊक नसेल. पण हवे तेवढ्या उंचीवर येऊन थांबणारे ते मेज तिच्या माणसांविषयीच्या आस्थेची साक्ष मूकपणे देत राहते.