रेड आउअरबॅक

आर्नोल्ड जेकब उर्फ 'रेड' आउअरबॅक (२० सप्टेंबर १९१७ – २८ ऑक्टोबर २००६) हे अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉल प्रशिक्षक व संघव्यवस्थापक होते. त्यांच्या प्रशिक्षणाखाली बॉस्टन सेल्टिक्स संघाने एन.बी.ए.ची नऊ विजेतेपदे मिळवली. त्यांपैकी आठ सलग होती (१९५९ ते १९६६). या यशात प्रशिक्षकाचा वाटा किती आणि बिल रसेल या खेळाडूचा किती, हा त्यांच्या कारकिर्दीविषयीचा मुख्य वाद आहे.

जीवन

आउअरबॅक यांचा जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. त्यांचे वडील मिन्स्कहून अमेरिकेत आले होते. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी शाळेत अध्यापन केले व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलात सेवा बजावली. १९४६ मध्ये ते वॉशिंग्टन कॅपिटल्सचे प्रशिक्षक झाले. पहिल्याच हंगामात या संघाने ६० पैकी ४९ सामने जिंकले.

बॉस्टन सेल्टिक्स

१९५० मध्ये ते बॉस्टनला आले. बॉब कूझी यांच्यासारखा खेळाडू हाताशी असूनही पहिल्या सहा हंगामांत संघ एकदाही अंतिम फेरीत पोहोचला नाही. आक्रमण वेगवान होते. परंतु बास्केटवरून परतलेला चेंडू मिळवणारा उंच खेळाडू नव्हता. ही उणीव हेरून आउअरबॅक यांनी १९५६ मध्ये एड मॅकॉली व क्लिफ हेगन यांना सेंट लुईस हॉक्सकडे देऊन रसेल यांच्या निवडीचा हक्क मिळवला. पुढच्याच वर्षी पहिले विजेतेपद आले. १९५८ च्या अंतिम फेरीत मात्र रसेल यांचा घोटा दुखावला आणि त्याच हॉक्सने बॉस्टनला हरवले.

मूल्यमापन

आउअरबॅक यांचे श्रेय रसेल यांना देणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. रसेल यांनी बॉस्टनला येण्यापूर्वीच सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली होती. आउअरबॅक प्रशिक्षकपदावरून दूर झाल्यावर १९६८ व १९६९ मध्ये रसेल यांनी खेळाडू व प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी संघाला विजेता केले, आणि ते निवृत्त होताच पुढच्या हंगामात संघ बाद फेरीबाहेर राहिला.

तथापि १९५६-५७ च्या हंगामात ऑलिंपिकमुळे रसेल उशिरा दाखल झाले, तोवर बॉस्टनने २४ पैकी १६ सामने जिंकलेले होते. शिवाय ज्या काळी खेळाडूची किंमत त्याच्या गुणांवरून ठरे, त्या काळी आउअरबॅक यांनी बचावात असामान्य असलेल्या खेळाडूभोवती संघ उभारला. विजेतेपदाच्या एकाही हंगामात सेल्टिक्सचा खेळाडू गुणांच्या यादीत पहिला नव्हता. फ्रँक रॅम्से व जॉन हॅव्हलिचेक यांसारख्या कसलेल्या खेळाडूंना सुरुवातीला राखीव ठेवून ते प्रतिस्पर्धी दमल्यावर मैदानात उतरवत. प्रशिक्षक आणि खेळाडू निवडणारा व्यवस्थापक एकच असल्यामुळे या दोन भूमिकांचे श्रेय वेगळे काढणे अवघड आहे. केवळ ९३८ विजयांच्या आकड्यावरून तर ते मुळीच ठरत नाही. वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार त्यांना एकदाच, १९६५ मध्ये मिळाला. पुढे त्याच पुरस्काराच्या करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले.

उत्तरायुष्य

१९६६ मध्ये आपल्या जागी रसेल यांची नेमणूक करून त्यांनी एन.बी.ए.ला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक दिला. व्यवस्थापक या नात्याने त्यांनी लॅरी बर्ड, रॉबर्ट पॅरिश व केव्हिन मॅकहेल यांना संघात आणले आणि बॉस्टनने १९८१, १९८४ व १९८६ मध्ये विजेतेपद पटकावले. त्यांचा नऊ विजेतेपदांचा विक्रम २००९ मध्ये फिल जॅक्सन यांनी मोडला.