अ‍ॅन हचिन्सन

अ‍ॅन हचिन्सन (माहेरचे आडनाव मार्बरी, बाप्तिस्मा: २० जुलै १५९१, ऑल्फर्ड, लिंकनशायर, इंग्लंड – मृत्यू: ऑगस्ट १६४३) या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीतील सुईण व धर्मविषयक विवेचक होत्या. धर्माचरणाच्या मोकळीकीसाठी इंग्लंड सोडून आलेल्या प्युरिटनांनीच त्यांना हद्दपार केले.

घराणे

वडील फ्रान्सिस मार्बरी हे चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू. अनेक धर्मगुरूंचे शिक्षण अपुरे असल्याची उघड टीका केल्याने त्यांना कारावास भोगावा लागला. आई ब्रिजेट ही नॉर्थहॅम्प्टनशायरमधील कॅनन्स ॲशबी येथील ड्रायडन घराण्यातील. कवी जॉन ड्रायडन याच घराण्यातले. १६१२ साली लंडनमध्ये अ‍ॅन यांचा विवाह ऑल्फर्डचे कापड व्यापारी विल्यम हचिन्सन यांच्याशी झाला. विल्यम यांचे आजोबा लिंकनचे महापौर होते. घर सुस्थितीत होते. त्यामुळे पुढील स्थलांतरामागे गरिबी हे कारण संभवत नाही.

स्थलांतर

लिंकनशायरमधील बॉस्टन येथे जॉन कॉटन यांची प्रवचने ऐकण्यास हे दांपत्य जात असे. १६३३ साली कॉटन 'ग्रिफिन' जहाजाने मॅसॅच्युसेट्सला निघून गेले. हचिन्सन यांचा थोरला मुलगा एडवर्डही तेव्हाच गेला. पुढील वर्षी उरलेले कुटुंब त्याच जहाजाने नव्या बॉस्टनला पोहोचले.

खटला

प्रवचनांवर चर्चा करण्यासाठी अ‍ॅन यांच्या घरी स्त्रिया जमत; पुढे पुरुषही येऊ लागले. मोक्ष ईश्वरी कृपेने मिळतो, सदाचरण हा त्याचा पुरावा नव्हे, असे त्यांचे मत होते. वसाहतीतील बहुतेक धर्मगुरू याच्या उलट शिकवतात, हा त्यांचा आक्षेप अधिक झोंबला. नोव्हेंबर १६३७ मध्ये गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप यांच्यापुढे खटला चालला. बराच वेळ त्यांनी प्रत्येक आरोप परतवला. मात्र, आपल्याला थेट ईश्वरी साक्षात्कार होतो, असे त्यांनीच सांगितल्यावर न्यायालयाचे काम सोपे झाले. मार्च १६३८ मध्ये बॉस्टन चर्चने त्यांना बहिष्कृत केले. कॉटन यांनीही तोवर साथ सोडली होती. हद्दपारीचा हुकूम गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी १९८७ मध्ये रद्द केला.

अखेर

हे कुटुंब ऱ्होड आयलंडला गेले. पतीच्या निधनानंतर अ‍ॅन डच वसाहतीत, सध्याच्या न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात, राहू लागल्या. डच व मूलनिवासी यांच्या युद्धात सिवानॉय लोकांच्या हल्ल्यात त्या व सोबतची बहुतेक मुले मारली गेली. सुसाना ही मुलगी बंदिवासातून पुढे परतली. एडवर्डचा वंश बॉस्टनमध्ये वाढला. अ‍ॅन यांच्या नातवाचा नातू थॉमस हचिन्सन मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. राजनिष्ठेमुळे अप्रिय ठरून तो १७७४ साली इंग्लंडला गेला आणि १७८० मध्ये तिथेच वारला.