वेदनाहारी सर्ट्यूर्नर

शस्त्रक्रिया आटोपून रुग्ण शुद्धीवर येतो, तेव्हाच त्याच्या खऱ्या वेदनेला आरंभ होतो. त्या वेदनेवर आजही जे औषध दिले जाते, त्याच्या शोधकाचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

फ्रीडरिख सर्ट्यूर्नर यांचा जन्म १९ जून १७८३ रोजी जर्मनीतील पाडरबोर्ननजीक नॉयहाउस या गावी झाला. पिता अकाली निवर्तल्यामुळे कोवळ्या वयातच ते पाडरबोर्नच्या एका औषधालयात उमेदवारी करू लागले. अफूने वेदना शमते, हे लोकांस प्राचीन काळापासून ठाऊक होते. परंतु सर्वच अफू सारख्या गुणाची नसे. तेवढ्याच मात्रेने एकास उतार पडे, तर दुसरा प्राणास मुके. अफूतील नेमके गुणकारी द्रव्य शोधण्याचा ध्यास या तरुणाने घेतला. अफूच्या अर्कात अमोनिया मिसळून त्यांनी स्फटिक वेगळे केले व कुत्र्यांना चारले. कुत्री गाढ झोपली. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून पुढे त्यांनी या द्रव्यास मॉर्फियम हे नाव दिले. तेच आजचे मॉर्फिन होय.

१८०६च्या सुमारास हा शोध प्रसिद्ध झाला, पण विद्वानांनी त्याची दखल घेतली नाही. तेव्हा सर्ट्यूर्नर यांनी स्वतःवर व तीन तरुणांवर प्रयोग केला. पाऊण तासात प्रत्येकाने तीनदा अर्धा अर्धा ग्रेन द्रव्य घेतले. सर्वांस भोवळ आली, तेव्हा जहाल व्हिनेगर पाजून त्यांना ओकारी करवावी लागली. त्या तरुणांचे प्राण असे पणास लावणे आम्हास उचित वाटत नाही. तथापि १८१७च्या लेखात त्यांनी हा धोका लपविला नाही, हे आम्ही विसरत नाही. १८३१ साली फ्रान्सच्या विद्वत्संस्थेने त्यांस २००० फ्रँकांचे पारितोषिक दिले. २० फेब्रुवारी १८४१ रोजी हामेल्न येथे त्यांचे देहावसान झाले.

१९७९ साली वैद्यांनी हेच मॉर्फिन पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत सोडून पाहिले. वेदनेचा संदेश जेथून मेंदूकडे जातो, तेथेच औषध पोचत असल्याने थोडक्या मिलिग्रामांनी अनेक तास आराम पडतो. परंतु काही तासांनी श्वास मंदावण्याचे भय असते. म्हणून परिचारिका रात्रभर रुग्णाचे श्वास मोजीत असते.

औषधाचे विष आणि विषाचे औषध करते ती मात्राच. ती मोजण्याजोगी झाली, ती एका उमेदवार मुलाच्या चिकाटीमुळे.